मेसोथेलिओमा आणि छातीचे कर्करोग : उपचारांचे पर्याय

'छातीचा कर्करोग' हा शब्दप्रयोग आपल्याकडे बहुधा स्तनाच्या कर्करोगासाठी केला जातो. वैद्यकशास्त्रात मात्र छातीच्या पिंजऱ्याच्या आत उद्भवणाऱ्या कर्करोगांचा स्वतंत्र गट मानला जातो. फुफ्फुसाचा कर्करोग हा त्यातील सर्वाधिक आढळणारा. त्याखेरीज फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत होणाऱ्या थायमस ग्रंथीच्या गाठी आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग अर्थात लिम्फोमा हे या गटातील प्रमुख रोग होत. (अन्ननलिकेचा कर्करोग हा स्वतंत्र विषय असल्याने येथे घेतलेला नाही.)

या रोगांची लक्षणे बरीचशी सारखी असतात. धाप लागणे, छातीत दुखणे, न थांबणारा खोकला, वजन घटणे ही त्यांतील मुख्य. उपचार मात्र एकमेकांहून अगदी वेगळे आहेत. एका रोगात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय असतो, तर दुसऱ्यात तीच शस्त्रक्रिया अनावश्यक, क्वचित अपायकारकही ठरते. म्हणून 'उपचार कोणता' या प्रश्नाच्या आधी 'रोगाचे नेमके नाव काय' हा प्रश्न सुटावा लागतो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे; कारण या रोगात हाताशी वेळ थोडा असतो आणि आपल्याकडे त्यातला मोठा भाग निदानातच खर्ची पडतो.

रोग कशामुळे होतो?

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पापुद्र्यांचे आवरण असते. त्याच्या पेशींत उद्भवणारा कर्करोग म्हणजे फुफ्फुसावरणाचा मेसोथेलिओमा. असाच रोग पोटाच्या आतील आवरणातही होतो. परंतु त्याचे प्रमाण कमी आहे. बहुसंख्य रुग्णांत या रोगाचे मूळ ॲस्बेस्टॉसच्या तंतूंत असते. दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली तेथील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा संबंध ठळकपणे जगापुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आज ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते.

तंतू शरीरात गेल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत साधारणपणे २० ते ५० वर्षे जातात. त्यामुळे कामगार निवृत्त झालेला असतो, कारखाना बंद पडलेला असतो आणि त्या कामाची आठवणही पुसट झालेली असते. सिमेंटचे पत्रे व नळ, बॉयलर आणि वाफेच्या नळांची आवरणे, ब्रेक लायनिंग, गॅस्केट, अग्निरोधक कापड, जहाजबांधणी आणि जहाजतोडणी ही ॲस्बेस्टॉसशी संबंध येणारी प्रमुख कामे. कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी झटकणाऱ्या व धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. धूम्रपानाने मेसोथेलिओमा होत नाही. मात्र ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

अनेक देशांनी ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली असली, तरी भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर आणि वापरावर सरसकट बंदी नाही. मुंबई-पुण्यातील जुन्या वस्त्या, गोदामे आणि कारखाने यांवरील सिमेंटचे पत्रे आपल्या परिचयाचे आहेत. शाबूत पत्र्याखाली राहणे आणि पत्रा कापणे वा फोडणे यांतील धोका सारखा नाही. तंतू हवेत मिसळतात ते मुख्यत्वे पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना किंवा त्याचा सुका भुगा झाडताना.

'छातीत पाणी' आणि हातचा वेळ

मेसोथेलिओमाची सुरुवात बहुधा छातीच्या एका बाजूस पाणी साचण्याने होते. आपल्या देशात छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो रास्तही आहे. क्षयरोग येथे फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. परंतु पुरेशा पुराव्याशिवाय क्षयरोगाची औषधे सुरू केली जातात, पाणी पुन्हा पुन्हा भरते, दर वेळी सुई घालून काढले जाते आणि त्यात महिने निघून जातात. काढलेल्या पाण्यातील एडीए या घटकाचे प्रमाण क्षयरोगात वाढते, हे खरे. पण काही वेळा मेसोथेलिओमा आणि लिम्फोमा यांतही ते वाढलेले आढळते. उलटपक्षी, पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कर्करोग नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही. मेसोथेलिओमाच्या अनेक रुग्णांत हा तपास नकारात्मक येतो.

क्षयरोगाची औषधे नियमित घेऊनही काही आठवड्यांत पाणी कमी होत नसेल, दुखणे वाढत असेल, वजन घटत असेल किंवा रुग्णाने पूर्वी ॲस्बेस्टॉसशी संबंधित काम केलेले असेल, तर थोरॅकोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासण्याची मागणी करावी. औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय परस्पर बंद करू नयेत.

तुकडा मिळाल्यानंतरही काम संपत नाही. आवरणापर्यंत पसरलेला फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा सूक्ष्मदर्शकाखाली मेसोथेलिओमासारखाच दिसू शकतो. तो वेगळा ओळखण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही तपासणी आवश्यक असते. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, टीटीएफ-१, बॅप-१ अशा खुणांचा संच त्यात पाहिला जातो. अहवालात रोगाचा उपप्रकारही नमूद असला पाहिजे. एपिथेलिऑइड हा उपप्रकार निम्म्याहून अधिक रुग्णांत आढळतो आणि तुलनेने संथ असतो. सार्कोमॅटॉइड हा अधिक आक्रमक, तर बायफेसिक हा मिश्र. उपचारांची निवड पुष्कळ अंशी या एका शब्दावर अवलंबून असते. तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेला तुकडा, ज्याला रुग्णालयात 'ब्लॉक' म्हणतात, रुग्णाला मागून घेता येतो आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत त्यावरून मिळू शकते. त्यासाठी पुन्हा बायॉप्सी करण्याची गरज बहुधा पडत नाही.

मेसोथेलिओमावरील औषधोपचार

या रोगातील औषधोपचाराचा पाया २००३ साली घातला गेला. सिस्प्लाटिन या जुन्या औषधाला पेमेट्रेक्सेडची जोड दिल्यास रुग्णांचे मध्यक आयुर्मान ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर जाते, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. मध्यक आयुर्मान म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो कालावधी. एखाद्या विशिष्ट रुग्णाला उरलेला काळ असा त्याचा अर्थ नव्हे, हे पुढील सर्व आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

ही औषधे साधारणपणे दर २१ दिवसांनी शिरेतून, चार ते सहा वेळा दिली जातात. पेमेट्रेक्सेड सुरू होण्यापूर्वी सुमारे आठवडाभर फोलिक ॲसिडची गोळी आणि बी-१२ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घ्यावे लागते. त्याने दुष्परिणाम बरेच सौम्य होतात. त्यामुळे ही साधी गोळी चुकवू नये. मूत्रपिंडे अशक्त असतील किंवा वय अधिक असेल, तर सिस्प्लाटिनऐवजी कार्बोप्लाटिन वापरले जाते. बेव्हॅसिझुमॅब हे रक्तवाहिन्यांच्या वाढीस अटकाव करणारे औषध जोडल्यास मध्यक आयुर्मान १६.१ वरून १८.८ महिन्यांवर गेल्याचे फ्रान्समधील चाचणीत २०१६ साली आढळले. रक्तस्राव किंवा रक्तात गुठळी होण्याचा धोका असणाऱ्यांना मात्र ते चालत नाही.

त्यानंतरचे मोठे पाऊल इम्युनोथेरपीचे. शरीराच्या प्रतिकारशक्तीवर कर्करोगाने बसवलेला लगाम सैल करणारी ही औषधे आहेत. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीची ६०५ रुग्णांवरील चाचणी यशस्वी ठरल्यावर अमेरिकेत २०२० साली तिला मान्यता मिळाली. मध्यक आयुर्मान केमोथेरपीच्या गटात १४.१ महिने, तर या जोडीच्या गटात १८.१ महिने होते. सर्वाधिक लाभ सार्कोमॅटॉइड आणि बायफेसिक प्रकारांत दिसला. तेथे हे आकडे अनुक्रमे ८.८ आणि १८.१ महिने होते. एपिथेलिऑइड प्रकारात फरक कमी होता. २०२४ मध्ये पेंब्रोलिझुमॅब आणि केमोथेरपी एकत्र देण्याच्या पर्यायालाही अमेरिकेत मान्यता मिळाली. या चाचणीत तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले.

इम्युनोथेरपीत केस गळत नाहीत, पण तिचे दुष्परिणाम निराळे असतात. चेतलेली प्रतिकारशक्ती आतडी, यकृत, थायरॉइड किंवा फुफ्फुसे यांवरच उलटू शकते. जुलाब, वाढती धाप, कावीळ किंवा अतोनात थकवा जाणवल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. वेळीच स्टिरॉइड दिल्यास हे दुष्परिणाम बहुधा आटोक्यात येतात.

मोठी शस्त्रक्रिया म्हणजे मोठा लाभ?

'गाठ काढून टाकली की रोग गेला' ही आपली स्वाभाविक समजूत. मेसोथेलिओमा मात्र एका ठिकाणी गाठ धरून बसत नाही. तो आवरणावर पत्र्यासारखा पसरतो. तो समूळ काढण्यासाठी दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया विकसित झाल्या. पहिलीत आवरणासह संपूर्ण फुफ्फुस, हृदयावरण आणि मध्यपटल यांचा भाग काढला जात असे. दुसरीत फुफ्फुस राखून त्यावरील रोगग्रस्त आवरण सोलून काढले जाते.

ब्रिटनमधील छोट्या चाचणीने पहिल्या शस्त्रक्रियेविषयी २०११ सालीच गंभीर शंका उपस्थित केली आणि तिचा वापर पुष्कळ ओसरला. दुसऱ्या शस्त्रक्रियेची परीक्षा घेणाऱ्या ३३५ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी घेतलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान १९.३ महिने होते, तर केवळ केमोथेरपी घेतलेल्या गटाचे २४.८ महिने. गंभीर गुंतागुंतीही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होत्या. निवडक रुग्णांत आणि अत्यंत अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेला अजूनही स्थान आहे, असे काही शल्यविशारद मानतात. परंतु कोणी तातडीने मोठी शस्त्रक्रिया सुचवीत असेल, तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी कर्करोगाच्या मोठ्या केंद्रात दुसरे मत घेणे शहाणपणाचे ठरेल. पोटाच्या आवरणातील मेसोथेलिओमाची गोष्ट वेगळी आहे. तेथे योग्य रुग्णांत रोगग्रस्त भाग काढून पोटात गरम केमोथेरपी फिरवण्याच्या शस्त्रक्रियेने दीर्घकाळ लाभ होऊ शकतो.

रेडिओथेरपीचा उपयोग या रोगात प्रामुख्याने वेदना कमी करण्यासाठी होतो. छातीच्या भिंतीत वाढलेल्या दुखऱ्या भागावर मोजके दिवस किरण दिल्यास अनेकांना आराम पडतो.

श्वास आणि वेदना

पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर दर आठवड्याला सुई टोचून घेण्याची गरज नाही. दुर्बिणीतून किंवा नळीवाटे आवरणात टाल्कची पूड सोडून दोन पापुद्रे चिकटवता येतात. मग पाण्याला जागाच उरत नाही. दुसरा पर्याय म्हणजे त्वचेखालून बसवलेली मऊ नळी. तिच्यातून घरच्या घरी पाणी काढता येते. श्वासाला मिळणारा आराम दोन्हींत जवळपास सारखाच असतो. फुफ्फुस पूर्ण फुगत नसेल तर नळीच अधिक उपयुक्त ठरते.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'आता काही उरले नाही' असे नव्हे. अमेरिकेतील एका अभ्यासात, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना निदानापासूनच ही सेवा दिली गेली. त्यांचे आयुष्यमान सुधारले, नैराश्य कमी झाले आणि मध्यक आयुर्मानही ८.९ ऐवजी ११.६ महिने झाले, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांचे व्यसन लागेल, ही भीती बहुतांशी निराधार आहे. २०१४ मधील कायदादुरुस्तीनंतर मॉर्फिन उपलब्ध करून देण्याची प्रक्रियाही सुटसुटीत झाली. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करीत आले आहे.

छातीच्या अन्य कर्करोगांत

फुफ्फुसाच्या कर्करोगात चित्र अधिक आशादायक आहे. रोग लवकर सापडल्यास फुफ्फुसाचा बाधित खंड काढणे हा मुख्य उपचार. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर छोट्या गाठीवर अचूक, जोरकस किरणोपचार देता येतात. स्थानिक पातळीवर पसरलेल्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या रोगात केमोथेरपी व किरणोपचार एकत्र देऊन पुढे वर्षभर ड्यूर्व्हालुमॅब दिल्यास पाच वर्षे हयात राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेल्याचे दिसून आले आहे.

ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात जनुकीय तपासणी टाळू नये. भारतीय रुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल आढळतो आणि त्यांत कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियाही पुष्कळ असतात. अशा रुग्णांना गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारख्या रोजच्या गोळ्या लागू पडतात. एएलके या जनुकात बदल असेल तर अलेक्टिनिब, लॉरलाटिनिब अशी औषधे आहेत. मेसोथेलिओमात या गोळ्या उपयोगी नाहीत. दोन्हींतील फरक ओळखण्याचे महत्त्व येथे कळते.

स्मॉल सेल हा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा वेगाने पसरणारा प्रकार. त्यात शस्त्रक्रियेला क्वचितच वाव असतो. केमोथेरपी, किरणोपचार आणि इम्युनोथेरपी हेच मार्ग. थायमसच्या गाठीत याउलट शस्त्रक्रिया हाच पाया. मात्र काही रुग्णांत मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंच्या दुर्बलतेचा विकार सोबत असतो. तो आधी ओळखला नाही तर भूल धोक्याची ठरते. तरुण रुग्णांत छातीच्या मध्यभागी मोठी गाठ आढळल्यास लिम्फोमा किंवा जर्म सेल ट्यूमर असण्याची शक्यता असते. हे दोन्ही रोग केमोथेरपीला उत्तम प्रतिसाद देतात आणि पुष्कळ रुग्ण बरे होतात. म्हणूनच अशी गाठ थेट काढण्याची घाई न करता आधी रक्तातील खुणा आणि बायॉप्सी तपासावी.

खर्च, योजना आणि हक्क

पेमेट्रेक्सेड, सिस्प्लाटिन, गेफिटिनिब यांच्या भारतीय बनावटीच्या जेनेरिक आवृत्त्या उपलब्ध आहेत. इम्युनोथेरपी मात्र बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब आणि ड्यूर्व्हालुमॅब यांवरील सीमाशुल्क माफ केले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने निव्होलुमॅबच्या अत्यल्प मात्रेचा अभ्यास केला. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी औषधाने डोके व मानेच्या कर्करोगात लाभ झाल्याचे त्यात दिसून आले. मेसोथेलिओमासाठी तसा निर्णायक पुरावा अद्याप नाही. तरीही खर्चाविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्यास असे पर्याय पुढे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. कोणते औषध योजनेत बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे.

ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांचा कायद्याने मान्य केलेल्या व्यावसायिक रोगांत समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिलेल्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. प्रत्यक्षात भरपाई मिळण्याची वाट रुग्णाच्या केसपेपरवरून जाते. 'निवृत्त' एवढीच नोंद असेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले हे डॉक्टरांना सांगून लिहवून घ्यावे. नोकरीचा दाखला, भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे, राज्य कामगार विम्याचे कार्ड हे सारे जपून ठेवावे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

* निदान पाण्याच्या तपासणीवरून झाले की आवरणाच्या तुकड्यावरून?
* इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री झाली आहे का? उपप्रकार कोणता?
* रोग किती पसरला आहे? त्यासाठी सीटी किंवा पेट स्कॅन झाला आहे का?
* सुचवलेल्या उपचाराने आयुष्य वाढेल, त्रास कमी होईल की दोन्ही?
* शस्त्रक्रिया न केल्यास काय फरक पडेल?
* एकूण खर्च किती आणि त्यातील किती योजनेतून मिळेल?
* धाप व वेदना यांवर उपचार आजपासून सुरू करता येतील का?

मेसोथेलिओमा पूर्ण बरा होण्याची उदाहरणे आजही विरळा आहेत. परंतु योग्य निदान लवकर झाले तर मिळणारा काळ वाढतो आणि तो सुसह्यही करता येतो. घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या छातीत वारंवार पाणी होत असेल, तर त्यांनी तरुणपणी कोठे आणि कसले काम केले, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगावे.